एकतीस हजार टॉवेल

“मावशी, असं सरळ नको. वाकडं कापा,” लॅपटॉपमधून रेगे साहेब म्हणाले.

राजव्वाक्कानं कात्री हवेतच थांबवली आणि माझ्याकडं बघितलं. “काय म्हणायलेत गं हे?”

“वाकडं कापा म्हणायलेत.”

“वाकडं म्हंजे?”

“म्हंजे वाकडं. तिरकं, वेडंवाकडं, कसंही.”

“कसंही कसं कापायचं?” तिनं खरोखरच विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. फोल्डिंग खात्यात तिला तीस वर्षं झाली होती. टॉवेल मागावरून लांबच्या लांब उतरतो, मग तो एकेक करून तोडायचा, कडा दुमडायच्या, शिवण घालायची. तोडताना कात्री दोऱ्याबरोबर चालली पाहिजे. एक दोरा सुटला तर शिवण वाकडी, शिवण वाकडी तर माल परत. नव्या पोरींनी कात्री जरा तिरकी धरली की अक्का त्यांच्या हातावर चापट मारायची. आणि आता हा माणूस मुंबईत घरी बसून तिला वाकडं कापायला सांगत होता.

तिनं प्रयत्न केला, हे सांगायला हवं. कात्री आडवी घातली, चार बोटं तिरकी नेली, आणि पुढं आपोआप दोरा धरला. तुकडा सरळ निघाला. दुसरा घेतला, तोही सरळ निघाला. तिसऱ्या वेळी तिनं कात्री टेबलावर ठेवली आणि तेलुगूत एक शिवी हासडली. ती मी इथं लिहीत नाही, पण मला त्या दिवशी तेवढीच गोष्ट बरोबर वाटली.

दोन हजार वीसचा जून होता. सोलापूर, अक्कलकोट रोडची एमआयडीसी. मी रेणुका पोगुल, कारखान्याची कागदपत्रं बघायचे. परदेशी माल जायचा म्हणजे बिलं, पॅकिंग याद्या, मालाचे दाखले, बोटीचे कागद, सगळं माझ्याकडं. बायका मला ‘कागदवाली’ म्हणायच्या. माझं डोकं लवकर तापतं म्हणून पाठीमागं आणखीही काहीतरी म्हणायच्या, ते मला माहीत होतं.

तर हे एकतीस हजार टॉवेल. परदेशातल्या एका मोठ्या दुकानसाखळीची ऑर्डर होती. तिचं नाव मी घेणार नाही. भीती म्हणून नाही, माझ्या तोंडून निघावं एवढी तिची लायकी नाही. प्रत्येक टॉवेलाच्या खालच्या पट्टीत ते नाव विणलेलं होतं. छापलेलं असतं तर धुऊन काढलं असतं, विणलेलं कसं काढणार? मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माल तयार झाला. खोकी चिकटवली, ट्रक लावला. त्याच आठवड्यात जगभरचे शेअर बाजार धडाधडा कोसळायला लागले. टीव्हीवर लाल बाण, लाल आकडे. आमच्या मागवाल्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, आपला काय संबंध, आपल्याकडं कुठं शेअर आहेत? मीही हसले. चार दिवसांनी मेल आला. ऑर्डर रद्द. कारण काय, तर ‘दैवी आपत्ती’. चूक आमची नाही, त्यांचीही नाही, देवाची. मी म्हटलं, वा रे वा! टॉवेल घ्यायचे तुम्ही कबूल केलेत आणि बिल देवावर फाडताय?

मग टाळेबंदी लागली. अडीच महिने माल खोक्यात, आणि बायका घरी. त्या ऑर्डरची मजुरी टॉवेलामागं नऊ रुपये ठरलेली, एक रुपया मिळालेला नव्हता. रेशनवर तांदूळ मिळत होता, पण नुसता तांदूळ किती दिवस गिळणार? अक्काच्या घरी सून, दोन नातवंडं, आणि मुलगा रिक्षावाला. रिक्षा तर दारात उभी. मे महिन्यात ती मला फोनवर म्हणाली, “रेणुका, मला फुकट कोणी काही देऊ नका. माझे नऊ रुपये तेवढे द्या.” एकेचाळीस बायका, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं.

आमचे मालक श्रीनिवास गड्डम वाईट माणूस नव्हते. पण सूतवाल्याचं देणं थकलेलं, वीजबिल थकलेलं. त्यांनी त्या कंपनीला मेलामागून मेल लिहिले. शेवटी जूनच्या सुरुवातीला उत्तर आलं. तिकडच्या साहेबांनी उदार होऊन ठरवलं होतं की ऑर्डरच्या किमतीच्या वीस टक्के देऊ. माल नको. अट एकच, माल नष्ट करायचा, आणि नष्ट करताना व्हिडिओवर दाखवायचं.

“नष्ट म्हंजे जाळायचे?” मी मालकांना विचारलं.

“जाळायला परवानगी लागते. कापायचे म्हणे.”

“मालक, तिकडं वसतिगृहात क्वारंटाईनची माणसं ठेवलीत. अंग पुसायला फडकं नाही त्यांच्याकडं. नाव कापून तिथं तरी देऊ या.”

“मी विचारलं गं बाई,” मालक म्हणाले. “नाही म्हणतात. फुकट वाटला तरी त्यांच्या मालाची किंमत जाते म्हणे.”

एकतीस हजार नवे कोरे टॉवेल. गावात माणसं मरत होती, आणि किंमत कोणाची जात होती बघा!

बारा बायकांनाच कामावर यायची परवानगी होती. त्या पाच दिवस कापत होत्या. ज्यांनी शिवण घातली त्यांनीच कापायचे. दुसऱ्या दिवशी एकजण म्हणाली, “लेकराला न्हाऊ-माखू घालून विहिरीत ढकलल्यासारखं वाटायलंय.” अक्का तिच्यावर खेकसली, “बोलू नको, काप.” त्यांनी काय केलं, तर आधी नावाची पट्टी काढून तिचे बारीक तुकडे केले, आणि राहिलेल्या टॉवेलाचे चार सारखे भाग. कोणी सांगितलं नव्हतं. हाताला तेच माहीत होतं. चौकोनी, कडा सरळ, दोऱ्याला दोरा. वर परत गठ्ठे लावून ठेवले, पन्नासाचा एक.

मंगळवारी सकाळी रेगे साहेबांना ते व्हिडिओवर दाखवलं. ते त्या कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात होते, टाळेबंदीत घरून काम करत होते. बोलायला गोड. मागं भिंतीवर पोराचं चित्र चिकटवलेलं. गठ्ठे बघून ते पडद्याच्या जवळ सरकले.

“मॅडम, हे... हे तर नॅपकिन झाले.”

“कापा म्हणालात, कापले.”

“तिकडे फोटो पाठवले मी. ते म्हणतात, हा नाश नाही, हा दुसरा माल तयार केलाय. उद्या बाजारात विकलात तर? कडा शिवल्या की झालं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तळहाताएवढे तुकडे हवेत. वेडेवाकडे. गुरुवारी दुपारपर्यंत. नाहीतर वीस टक्केही नाहीत.”

आणि मग ते ‘मावशी, वाकडं कापा’ झालं, ते वर सांगितलंच.

अक्कानं कात्री ठेवली ती परत उचलली नाही. “मला जमत नाही,” ती म्हणाली. “आणि जमलं तरी मी करणार नाही. साहेब, माझा हात खराब करू नका. उद्या पुन्हा काम निघालं तर हाच हात लागणार आहे.”

“मावशी, मलाही वरून सांगतात हो,” रेगे म्हणाले. “गुरुवारी रात्री त्यांचे तिमाहीचे आकडे जाहीर होणार. त्याआधी सगळ्या देशांतला हा रद्द केलेला माल कागदावरून गेला पाहिजे. तेवढा एकच ध्यास घेतलाय सगळ्यांनी.”

ते सहज बोलून गेले. मीही तेव्हा ऐकून सोडून दिलं.

दुपारी मालकांनी बायकांना बोलावलं. मास्क खाली ओढून घाम पुसत उभे होते. “अक्का, मी खोटं बोलणार नाही. वीस टक्के आले तरी ते सूतवाल्याला जातील. त्याला दिले नाहीत तर पुढं सूत मिळणार नाही आणि कारखाना बंदच होईल. तुमची मजुरी मला आत्ता देता येत नाही.”

“मग आम्ही पाच दिवस कशासाठी कापलं?” अक्कानं विचारलं.

मालकांनी मास्क परत वर ओढला. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. माझं असंच असतं, दोन्ही एकदम येतं.

बुधवारी मी ऑफिसात एकटी बसले आणि त्या कंपनीनं पाठवलेला कागद पहिल्यांदा नीट वाचला. आठ पानं. मालक फक्त टक्केवारी बघत होते आणि मी फक्त तारीख. सातव्या पानावर लिहिलं होतं, पुरवठादारानं माल नष्ट झाल्याचं लिहून द्यायचं, आणि आपली कंपनीवर कोणतीही मागणी शिल्लक नाही असंही लिहून द्यायचं. खाली सहीची जागा. मालकांची सही, आणि साक्षीदार म्हणून कागदपत्रं बघणाऱ्याची सही. म्हणजे माझी.

मी तो कागद दोनदा वाचला. मग रेग्यांचं ते वाक्य आठवलं. गुरुवारी रात्री आकडे, त्याआधी हे सगळं मिटलं पाहिजे. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. यांना टॉवेल कसे कापले याची फिकीर आहे, पण त्याहून फिकीर या सहीची आहे! सही नसेल तर उद्या त्यांना जगापुढं लिहावं लागेल की आम्ही माल मागवला, घेतला नाही, आणि लोक पैसे मागतायत. त्यानं त्यांचा शेअर पडणार. तीन महिने आम्ही त्यांच्यापुढं हात जोडत होतो, आणि आमच्या सहीसाठी ते अडले होते.

मी धावतच फोल्डिंगमध्ये गेले. अक्का रिकाम्या टेबलापाशी बसून डबा खात होती. मालकांनाही बोलावलं. तिघंच.

“सही करायची नाही,” मी म्हटलं. “आपण मागू.”

“काय मागू?” मालक घाबरले. “बाई, आहे ते जाईल. वीस टक्के तरी येतायत.”

“जाणार नाहीत. त्यांना गरज आहे.”

“त्यांना आपली गरज? कोट्यवधीच्या कंपनीला?” मालक हसले. हसणं म्हणजे नुसतं नाकातून. “तुझं डोकं तापलंय.”

“तापलंच आहे. अक्का, तू बोल. काय मागायचं?”

अक्कानं हातातला घास खाल्ला, डब्याचं झाकण लावलं. “मजुरी,” ती म्हणाली. “दुसरं काय मागणार? आपले आहेत ते मागायचे. लोकाचं कशाला मागू?” डबा बाजूला सारून म्हणाली, “आणि वाकडं कापणार नाही म्हणून सांग. हे तुकडे आहेत तसे त्या वसतिगृहात जाऊ देत. तोंड तरी पुसतील लोक.”

मी कागद घेतला. एकतीस हजार गुणिले नऊ. दोन लाख एकोणऐंशी हजार. ऑर्डर छप्पन्न लाखांच्या आतबाहेर. म्हणजे बरोबर पाच टक्के. वीस आणि पाच, पंचवीस.

“पंचवीस मागू,” मी म्हटलं.

“पंचवीस?” मालकांनी कपाळाला हात लावला. “अगं, एकदम पाच टक्के वाढवून!”

“मालक, वरचे पाच आले तर कोणाचे? आत्ताच सांगा.”

मालकांनी अक्काकडं बघितलं. “तुमचे. आईशपथ तुमचे. पण वीस बुडाले तर मी काय करू तेही सांग.”

त्या संध्याकाळी मला घरी जेवण गेलं नाही. वीस बुडाले असते तर कारखाना गेला असता, आणि कारखाना गेला असता तर एकेचाळीस घरं माझ्या दारात आली असती. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी उलट काय बोलणार होते?

गुरुवारी सकाळी दहाला लॅपटॉप उघडला. रेग्यांचा चेहरा ओढलेला होता, दाढी वाढलेली.

“झालं का मॅडम कापून?”

“नाही. होणार पण नाही.”

“अहो...”

“साहेब, माझं ऐकून घ्या,” मी म्हटलं. मी सातवं पान लॅपटॉपपुढं धरलं. “सातव्या पानावर सही माझी लागते. मी करायला तयार आहे. पण तीन गोष्टी. तुकडे आहेत असेच राहतील, आम्ही ते दवाखान्याला, वसतिगृहाला देऊ. विकणार नाही, तसं लिहून देते. दुसरं, पैसे कागदात लिहिल्यासारखे नव्वद दिवसांनी नाही, आज. बँकेचा कागद आला की सही. तिसरं, वीस नाही.” मी पान खाली ठेवलं. “पंचवीस.”

अक्का माझ्या मागं उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो दगडासारखा जड होता.

“पाच टक्के कशाचे, मॅडम?” त्यांनी विचारलं.

“मजुरी आमची,” अक्काच बोलली. “टॉवेलामागं नऊ रुपये. हिशेब लिहिलाय हिनं, वाचून दाखवू का?”

“नको, नको, मावशी.” रेग्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. “थांबा. विचारून सांगतो.” त्यांनी आवाज बंद केला. आम्हाला ते दिसत होते, फोन कानाला लावून, एक हात डोक्यावर. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. मालक दारात उभे होते, आत यायची हिंमत नव्हती.

मिनिटभर झालं असेल. तेवढंसुद्धा नाही. आवाज परत आला.

“ठीक आहे. मान्य.”

“तिन्ही?” मी विचारलं.

“तिन्ही. पैसे दुपारपर्यंत येतील. सही लगेच पाठवा, प्लीज. आणि फोटो कसलेही बाहेर जाऊ देऊ नका.”

आरडाओरडा झाला! बाराजणींनी टाळ्या पिटल्या. मालकांनी बाहेरून चहा आणि भजी मागवली, सहा-सहा फुटांवर बसून आम्ही ती खाल्ली. अक्का म्हणाली, “बघा, नीट मागितलं की देतात.” मला तर वाटलं, मी जग जिंकलंय. दुपारी पैसे आले. मी सही केली. ‘कोणतीही मागणी शिल्लक नाही’ या ओळीखाली, चांगली मोठी, झोकदार सही. ती सही आठवली की आज मला माझाच हात तोडावासा वाटतो.

शुक्रवारी सकाळी माझ्या मोबाईलवर फोन आला. रेगे होते, स्वतःच्या नंबरवरून.

“ताई, बोलू का दोन मिनिटं?” कालपर्यंत मॅडम म्हणत होते.

“बोला की साहेब. कागद मिळाला ना?”

“मिळाला. आता साहेब म्हणू नका. मला सकाळी मेल आला. आजपासून काम बंद. आमच्या ऑफिसातल्या चौदा जणांना. खर्चकपात.”

“अरेरे,” म्हटलं. खरंच वाईट वाटलं.

“काल रात्री आकडे जाहीर झाले त्यांचे,” ते म्हणाले. “शेअर चौदा टक्क्यांनी वर गेला. एका रात्रीत. मोठे साहेब म्हणाले, संकटात आम्ही खर्चावर कशी शिस्त ठेवली बघा. रद्द मालाची एक दमडीही डोक्यावर ठेवली नाही. सगळ्या पुरवठादारांनी समजूतदारपणा दाखवला, म्हणाले.”

“समजूतदारपणा!” मी ओरडले. शेजारच्या खोलीतून माझी आई बघायला आली.

“ताई, मी हे सांगायला नको, पण आता माझं काय जायचंय. तुम्ही पंचवीस मागितलेत ना?”

“हो.”

“मला ऐंशीपर्यंत द्यायची परवानगी होती.”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “ऐंशी काय?”

“ऐंशी टक्के. गुरुवारी दुपारच्या आत सही मिळत असेल तर. तुम्ही ऐंशी म्हणाला असता तर मी तेव्हाही तेवढंच, एक मिनिटच, थांबलो असतो. खरं तर मी फोनवर कोणाशी बोलतच नव्हतो. मला तुमच्याकडे बघवत नव्हतं.”

“मग तेव्हा का सांगितलं नाहीत?” माझा आवाज माझाच वाटेना.

“नोकरी होती, ताई,” ते म्हणाले. “कालपर्यंत होती.”

मी फोन बंद केला. रागानं माझं अंग इतकं तापलं होतं की आईला वाटलं कोविडच झाला. पंचावन्न टक्के. तीस लाखांच्या वर. सूतवाल्याचं देणं, विजेचं बिल, एकेचाळीस बायकांची टाळेबंदीतल्या अडीच महिन्यांची भाकरी, सगळं त्या एका मिनिटात बसलं होतं. आणि आम्ही काय मागितलं? टॉवेलामागं नऊ रुपये! समोरच्याला कशाची भीती आहे हे कळूनसुद्धा मी मोजायला बसले ते आमची मजुरी किती होते ते. पाच पिढ्या मागावर काढल्या, तर दुसरं काय मोजायला येणार? सूत किती लागलं, हात किती चालले, तेवढेच द्या. आमच्या सहीचीही काही किंमत असते, आणि ती ते देतील, हे आमच्या तोंडातून निघालंच नाही.

सोमवारी मजुरी वाटली. बाईमागं सहा हजार आठशेच्या आसपास. सगळ्या खूश होत्या, कोणीतरी पेढे आणले होते. मी अक्काला बाजूला घेतलं आणि सांगितलं. ठरवलं होतं सांगायचं नाही, पण तिनं माझ्या तोंडात पेढा घालायला हात वर केला आणि मला तो गिळवेना.

तिनं सगळं शांत ऐकलं. ऐंशी म्हणजे किती, ते विचारलं. मी सांगितलं. तिनं पेढा परत कागदात गुंडाळला.

“तू कागदवाली,” ती म्हणाली. “तुला कळायला पाहिजे होतं.”

“हो, अक्का.”

“आणि मी काय मागितलं? मेलीनं सरळ कापू द्या म्हटलं!” तिनं आपल्याच कपाळावर मारून घेतलं. “आपले पैसे आहेत, लोकाचं कशाला मागू म्हटलं! ते आपलेच होते की गं सगळे!”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण रडत नव्हती. रागानं नाकपुड्या थरथरत होत्या. मी तिला तशी कधी बघितली नव्हती.

“लाव फोन,” ती म्हणाली.

“कोणाला? रेग्यांची नोकरी गेली.”

“त्याला कशाला? त्या बिचाऱ्याचं काय! मोठ्या साहेबाला लाव.”

“अक्का, तिकडं आत्ता रात्र असेल. आणि मोठे साहेब कुठं आपला फोन घेणार?”

“नंबर नाही का कागदावर?”

आठव्या पानाच्या तळाशी एक नंबर होता, पुरवठादारांच्या तक्रारींसाठी. मी लावला. पलीकडून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, इंग्रजीत. आमचे पुरवठादार म्हणजे आमचं कुटुंब आहे, आपला निरोप ठेवा. मी अक्काला सांगितलं, माणूस नाही, मशीन आहे, बीप वाजला की बोल म्हणते.

तिनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि पदर नीट केला, जणू समोर कोणी उभं होतं. बीप वाजला.

“मी राजव्वा इराबत्ती. सोलापूर, अक्कलकोट रोड,” ती मोठ्यानं, सावकाश म्हणाली. “तुमच्या एकतीस हजार टॉवेलांना आम्ही शिवण घातली, आणि तुम्ही सांगितलं म्हणून आम्हीच ते कापले. तुमच्याकडं आमचे पैसे राहिलेत. तुम्ही द्यायला बसला होता, आम्हाला मागता आलं नाही. मागता आलं नाही म्हणून बुडत नाहीत पैसे. आता मागायले मी. द्या.”

मग फोन माझ्याकडं देऊन म्हणाली, “बघ गं, गेलं का?”

“गेलं,” मी म्हटलं.